हातानं दिलेला पत्ता

ऐरोलीत, सेक्टर आठच्या लॅबमधला
तळमजल्यावरचा लेबल प्रिंटर
शनिवारी तिसऱ्या मजल्यावर गेला.
लिफ्ट बंद, म्हणून दोघांनी चादरीत घालून जिन्यानं नेला म्हणे.
सोमवारी सकाळी सातला सुलभाताई कडूंचा फोन:
"दिवा लागतोय, कागद आहे, सगळं आहे,
पण हा बोलतच नाही."

पोचलो तेव्हा रांग जिन्यापर्यंत,
उपाशीपोटी माणसं, एकेक बाही वर केलेली,
आणि सुलभाताई चिकटपट्टीवर मार्करनं नावं लिहितायत.
ज्योत्स्नाचा 'त्स्ना' पट्टीवर मावत नव्हता.

नेहमीचं सगळं केलं.
केबल काढली, फुंकली, लावली.
(फुंकून काही होत नाही. फुंकतात.)
स्विचचं पोर्ट बदललं. प्रिंटर बंद केला,
वीसपर्यंत मोजलं, चालू केला,
हाक मारली.
काही नाही.

तिसऱ्या मजल्याचं जाळं दहा-वीस-नऊचं.
तिथला राउटर मोकळे पत्ते हातात घेऊन दारातच उभा,
नवीन कोणी आलं की विचारतो, हवाय का?
सगळ्यांनी घेतला. रक्ताच्या फ्रीजच्या थर्मामीटरनंसुद्धा.
यानं हातच पुढे केला नाही.

मग बटण पाच सेकंद दाबून चाचणीचं पान काढलं.
एवढ्याशा लेबलवर आलं:
दहा-वीस-चार-सत्तावीस.
तळमजल्याचा पत्ता.
उलटा केला, तर पाठीवर पिवळा कागद, शाई पुसट:
'पत्ता हातानं दिला आहे. बदलू नये. वि. तांडेल'

तांडेलला मी पाहिलेलं नाही. माझ्या आधीचा,
दिवाळे गावातला. कोणी म्हणतं दुबईला गेला, कोणी म्हणतं बोटीवर.
वैतागला असणार तोही,
रोज प्रिंटरचा पत्ता बदलतोय, रोज कोणीतरी बोंबलतंय,
म्हणून एकदाच खुंटा ठोकावा तसा ठोकून दिला.
चोख काम.
तळमजल्यापुरतं.

आता गंमत अशी, की ज्याला नवा पत्ता सांगायचा
तो जुन्याच गल्लीत बसून ऐकतो.
नऊच्या गल्लीतून कितीही ओरडा.
सांगायचं, तर आधी मलाच तिकडे राहायला जायला हवं.
लॅपटॉपची वायर सरळ त्याच्या पाठीत खोचली
आणि स्वतःला खोटा पत्ता घेतला:
दहा-वीस-चार-पन्नास.
हाक मारली.
लगेच ओ दिली त्यानं.

कळव्याची चाळ सोडून आम्हाला दोन वर्षं झाली.
इथं नळाला चोवीस तास पाणी,
आणि आई साडेचारला उठून बादल्या भरते.
दोन वर्षं मी नऊच्या गल्लीतून ओरडतोय.

असो. खुंटा उपटला.
'राउटर देईल तो घे' यावर खूण केली, काउंटरच्या संगणकाला कळवलं.
प्रिंटर विझला, जागा झाला
आणि सकाळपासूनचं तुंबलेलं सगळं ओकायला लागला,
पट्टी टेबलावरून खुर्चीच्या पायापर्यंत:
रुबिना शेख, उदय इनामदार, ज्योत्स्ना घरत,
ज्योत्स्ना घरत, ज्योत्स्ना घरत.
सुलभाताईंनी तीनदा बटण दाबलं होतं.
माणसं एव्हाना घरी जाऊन चहा पिऊन मोकळी.
एक ज्योत्स्ना त्यांनी मार्करवर नीट चिकटवली, 'त्स्ना'सकट.
उरलेल्या दोन हातात धरून जरा वेळ उभ्या राहिल्या,
मग टेबलाच्या कडेलाच लावून टाकल्या.

दुपारी महापे. दुसरी कंपनी, दुसरं जाळं.
वायर लावली. काही येईना.
स्विचला शिव्या, केबलला शिव्या,
तिथल्या मोहसिनलाही बोललो थोडं.
दहा मिनिटांनी बघतो तर काय,
दहा-वीस-चार-पन्नास.
मी अजून तिथेच राहत होतो.

मोहसिन वाकून म्हणाला, "केबल फुंकून बघू का?"
फुंक, म्हटलं.